निरंक

सरकारी नोकरीत आलेल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्याभरात जे मोजके शब्द आत्मसात करावे लागतात, त्यांत 'निरंक' हा एक शब्द आहे. वरिष्ठ कार्यालयाने विवरणपत्र मागवले आणि आपल्याकडे भरण्यासारखी माहिती नसली, तरी कागद कोरा पाठवता येत नाही. त्या रकान्यात 'निरंक' असे लिहून, खाली सही करून तो पाठवावा लागतो. परिविक्षाधीन अधिकारी असताना मला हा प्रकार हास्यास्पद वाटे. काहीच नाही हे सांगायला सही कशाला? तेव्हा एका जुन्या अव्वल कारकुनांनी मला समजावले होते, "मॅडम, कोरा कागद म्हणजे आम्ही पाहिलेच नाही. निरंक म्हणजे आम्ही पाहिले आणि काही नव्हते. सही त्या पाहण्याची आहे."

त्यांचे हे बोलणे मी पुढे अनेक प्रशिक्षण वर्गांत नव्या अधिकाऱ्यांना सांगितले. आणि तरीही २०२२ साली मी स्वतः सलग सात दिवस एका रकान्यात 'निरंक' लिहून सही केली, आणि ती सातही दिवस चुकीची होती. निमित्त झाले माझ्या हातातल्या स्मार्टफोनचे. त्या प्रसंगाची हकीकत, आणि फोनवरचा ई-मेल बंद पडला तर तो क्रमाने कसा तपासावा याबद्दल मी नंतर जे शिकले ते, प्रशासनात काम करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

त्या वर्षी हिमाचल प्रदेश विधानसभेच्या ६८ जागांसाठी एकाच टप्प्यात, १२ नोव्हेंबरला मतदान होते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम २०-ब अन्वये निवडणूक आयोग अन्य राज्यांतील अधिकाऱ्यांना निरीक्षक म्हणून पाठवतो. त्या यादीत माझे नाव होते. २४ ऑक्टोबरचे लक्ष्मीपूजन आटोपून मी दुसऱ्या दिवशी निघाले आणि एका डोंगराळ जिल्ह्यातील विश्रामगृहात मुक्कामाला पोहोचले. निरीक्षकाने कोणाला आदेश द्यायचे नसतात. त्याने पाहायचे, ऐकायचे आणि आयोगाला कळवायचे असते. म्हणून त्याचा दूरध्वनी क्रमांक आणि ई-मेलचा पत्ता स्थानिक वर्तमानपत्रांत आणि कार्यालयांच्या सूचनाफलकांवर प्रसिद्ध केला जातो. नागरिकांनी थेट लिहावे, मधल्या कोणाची भीती बाळगू नये, हा त्यामागचा हेतू.

माझ्यासाठी एक स्वतंत्र ई-मेल खाते उघडले होते. मी ते २६ तारखेला स्वतःच्या फोनवर बसवून घेतले. दोन दिवस त्यावर पत्रे येत राहिली. एक-दोन उमेदवारांच्या प्रतिनिधींची, काही चौकशीची. रोज संध्याकाळी संपर्क अधिकारी तक्रारींचा तक्ता घेऊन येत. त्यात समक्ष भेट, दूरध्वनी, टपाल आणि ई-मेल असे चार रकाने होते. पहिले तीन ते नोंदवह्या पाहून भरत. चौथ्यासाठी माझ्याकडे पाहत. मी फोन उघडून पाही आणि सांगे, "निरंक." २९ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर असे सात दिवस हे चालले. मनात मी थोडी खूशही होते. मतदारसंघ शांत आहे, लोक समाधानी आहेत, असा त्याचा अर्थ मी लावला.

५ नोव्हेंबरला सकाळी आम्ही दूरची मतदान केंद्रे पाहायला निघालो. वाटेत श्री. श्यामशरण नेगी यांच्या निधनाची बातमी आली. किन्नौर जिल्ह्यातील कल्पा येथील हे निवृत्त शिक्षक. १९५१ साली पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांनी मत दिले होते आणि स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ते देशभर ओळखले जात. तीनच दिवस आधी, २ नोव्हेंबरला, वयाच्या १०५ व्या वर्षी त्यांनी आपल्या घरून टपाली मतपत्रिकेने अखेरचे मतदान केले होते. गाडीत सर्वजण त्यांच्याविषयी बोलू लागले. त्यातूनच लाहौल-स्पीती जिल्ह्यातील ताशीगंगचा विषय निघाला. तेथे १५,२५६ फूट उंचीवर, जेमतेम पन्नासएक मतदारांसाठी आयोग केंद्र उभारतो. आपली यंत्रणा एकेका मतदारासाठी कुठवर जाते, याचा अभिमान त्या सकाळी गाडीतल्या प्रत्येकाला वाटत होता. मलाही वाटत होता.

दुपारी एका वळणावर एक गृहस्थ हात करून उभे होते. जवळच्या शाळेतले शिक्षक होते. नमस्कार करून त्यांनी अगदी सौम्यपणे विचारले, "मॅडमजी, आमच्या अर्जाचे काय ठरले?"

"कोणता अर्ज?"

त्यांनी खिशातून फोन काढला आणि पाठवलेल्या पत्रांची यादी माझ्यासमोर धरली. तारीख होती २९ ऑक्टोबर. पत्ता माझाच, अक्षरनअक्षर बरोबर. मी माझा फोन उघडला. माझ्या यादीत शेवटचे पत्र २८ तारखेचे होते. दोन्ही फोन शेजारी शेजारी धरून आम्ही दोघे क्षणभर उभे राहिलो. एकात पत्र गेलेले दिसत होते, दुसऱ्यात आलेले नव्हते.

त्यांची तक्रार अशी होती. ऑगस्टच्या पावसात गावातील शाळेची भिंत खचली, म्हणून तेथील मतदान केंद्र पलीकडच्या गावात हलवले. नकाशावर अंतर दोन किलोमीटरच्या आत भरत होते, त्यामुळे प्रस्ताव नियमात बसला. पण मध्ये खड्ड होता. तिकडे डोंगरातल्या ओढ्याला खड्ड म्हणतात. त्यावरचा लाकडी साकव त्याच पावसात वाहून गेला होता. आता पलीकडे जायचे तर खाली उतरून, दगडांवरून पाणी ओलांडून, पुन्हा चढायचे, नाहीतर रस्त्याने ११ किलोमीटरचा वळसा घ्यायचा. गावात दोनशेच्या आसपास मतदार आणि त्यांत म्हातारी माणसे बरीच. गावातच महिला मंडळाची पक्की इमारत आहे, केंद्र तेथे घ्यावे, एवढीच विनंती होती. आचारसंहितेच्या भंगासाठी २०१८ पासून 'सी-व्हिजिल' हे ॲप आहे, त्यावर शंभर मिनिटांत कार्यवाही करायची असते. पण हा आचारसंहितेचा भंग नव्हता. म्हणून मास्तरांनी निरीक्षकांना पत्र लिहिले होते आणि सात दिवस उत्तराची वाट पाहिली होती.

रात्री विश्रामगृहावर परतल्यावर मी फोन घेऊन बसले. प्रथम वाटले की रेंज नसेल. पण वर्तमानपत्रांची पाने उघडत होती, म्हणजे इंटरनेट चालू होते. मग संपर्क अधिकाऱ्यांच्या संगणकावर ब्राउझरमधून तेच खाते उघडायला सांगितले. उघडले, आणि पडद्यावर न वाचलेली १७ पत्रे दिसली. मास्तरांचे पत्र त्यांत होते. म्हणजे टपाल टपाल कार्यालयात सुखरूप पोहोचले होते, माझ्या टेबलावर मात्र आले नव्हते.

येथे थोडे थांबून ई-मेल चालतो कसा ते सांगायला हवे, कारण ते नीट माहीत नसल्यामुळेच मी फसले. आपली समजूत अशी असते की पत्र फोनमध्ये येते. प्रत्यक्षात पत्र सर्व्हरवर येते आणि तेथेच राहते. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यातून पहिला संदेश पाठवला, तेव्हापासून ही कल्पना फारशी बदललेली नाही. पत्र पुढे पोहोचवण्याचे नियम १९८२ साली ठरले, त्यांना एसएमटीपी म्हणतात. सर्व्हरवरचे पत्र दूरवरच्या यंत्रावरून वाचण्याची आयमॅप ही पद्धत १९८६ साली मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्ड येथे तयार केली. आपल्या भाषेत सांगायचे तर एसएमटीपी ही जावक शाखा आहे आणि आयमॅप ही आवक शाखा. फोन हा दोन्ही शाखांत फेऱ्या मारणारा शिपाई. शिपाई गेलाच नाही तर साहेबांचे टेबल रिकामे राहते. रिकाम्या टेबलाकडे पाहून साहेबांना वाटते की आज टपाल नव्हते.

माझा शिपाई दोन कारणांनी अडला होता. पहिले कारण सापडायला पाच मिनिटे लागली. डोंगरातल्या फिरतीत दिवसभर चार्जिंग मिळत नाही, म्हणून ३१ तारखेला मी बॅटरी वाचवण्याची सोय चालू केली होती. ती चालू असली की फोन पडद्याआड चालणारी कामे आवरती घेतो, आणि त्यात पत्रे आणण्याची फेरीही येते. मी ती सोय बंद केली, खात्याचे आपोआप सिंक होणे चालू केले आणि समाधानाने वाट पाहू लागले. काहीच आले नाही. थोड्या वेळाने फोनने पासवर्ड मागितला. मी होता तो दिला. तो चुकीचा ठरला.

आता आठवले. २८ तारखेच्या रात्री फोनवर 'पुन्हा साइन-इन करा' अशी सूचना आली होती. तेव्हा इतर डझनभर सूचनांबरोबर मी ती बोटाने सरकवून दिली होती. त्या दिवशी कार्यालयातील तरुण संगणक चालकाने सुरक्षिततेसाठी खात्याचा पासवर्ड बदलला होता. तो खाते उघडताना ठेवलेला सोपा पासवर्ड होता आणि चार जणांना माहीत होता, त्यामुळे बदलणे योग्यच होते. नवा पासवर्ड त्याने फोनवर न सांगता, बंद लिफाफ्यात, माझ्या नावाने पाठवला होता. मी संपर्क अधिकाऱ्यांना डाक पॅड आणायला सांगितले. लिफाफा त्यातच होता, मतदान केंद्रांच्या नकाशांखाली, न फोडलेला. ई-मेल येत नव्हता तो कागदी टपाल मी उघडले नव्हते म्हणून.

नवा पासवर्ड टाकताच मिनिटभरात १७ पत्रे धडाधड येऊन पडली. तोवर तो संगणक चालक दारात येऊन उभा राहिला होता. बिचारा घाबरला होता. "मॅडमजी, माझी चूक झाली का?" मी त्याला सांगितले की चूक माझी आहे, आणि तसे मी लेखीही देणार आहे.

कायद्याच्या दृष्टीने तर प्रश्नच नव्हता. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ नुसार, उभयतांत वेगळे ठरले नसेल तर, इलेक्ट्रॉनिक अभिलेख मिळाला असे केव्हा मानायचे हे ठरलेले आहे. पत्र स्वीकारण्यासाठी आपण एखादा पत्ता नेमून दिला असेल, तर पत्र त्या संगणक व्यवस्थेत शिरले त्या क्षणी ते आपल्याला मिळाले. फोन वाजला की नाही, आपण पाहिले की नाही, याला महत्त्व नाही. माझा पत्ता तर वर्तमानपत्रात छापून नेमून दिलेला होता. म्हणजे मास्तरांची तक्रार मला २९ ऑक्टोबरलाच मिळाली होती. 'निरंक' या शब्दाखालची माझी सातही वेळची सही वस्तुस्थितीला सोडून होती.

हा मुद्दा केवळ निवडणुकीपुरता नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमातून अर्ज करण्याची तरतूद आहे. अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत माहिती द्यायची असते. व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती असेल तर ४८ तासांत. विलंबाला सबळ कारण नसेल तर दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माझा फोन सिंक होत नव्हता, हे सबळ कारण ठरवायला कोणी तयार होईल असे मला वाटत नाही. आणि दंडाहूनही मोठी गोष्ट म्हणजे ज्याने अर्ज केला, त्याचे ४८ तास गेलेले असतात.

त्या रात्रीनंतर मी फोनवरील ई-मेल तपासण्याचा एक क्रम स्वतःसाठी लिहून काढला. दप्तर तपासणीला गेलेला अधिकारी जसा आधी बारनिशी पाहतो, मग कार्यविवरण नोंदवही आणि मग टेबलावरचे कागद, तसाच हा क्रम आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकजण घाबरून आधी खातेच काढून टाकतात.

सर्वांत आधी फोनमधून कोणतेही संकेतस्थळ उघडून पाहावे. ते उघडत नसेल तर दोष ई-मेलचा नाही, जोडणीचा आहे. विमानतळ, हॉटेल अशा ठिकाणच्या वाय-फायवर नाव नोंदवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. वाय-फायची खूण दिसते, पण पत्रे येत नाहीत. दुसरी पायरी म्हणजे तेच खाते ब्राउझरमधून उघडणे. माझ्या मते ही सर्वांत मोलाची पायरी आहे, कारण दोष फोनचा की सर्व्हरचा याचा निकाल तेथे लागतो. तेथे पत्र दिसत असेल तर फोन तपासावा. तेथेही नसेल तर स्पॅमचा कप्पा पाहावा आणि साठवणीची जागा पाहावी. गुगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते, पण ती पत्रे, फाइली आणि छायाचित्रे या सर्वांना मिळून असते. छायाचित्रांनी ती भरली की नवी पत्रे परत जाऊ लागतात. पाठवणाऱ्याला ते कळते, आपल्याला मात्र काहीच दिसत नाही.

दोष फोनचा आहे असे ठरले, की तिसरी पायरी म्हणजे सिंक आणि बॅटरीच्या सोयी. फोनचे घड्याळही पाहून घ्यावे. तारीख फार चुकली असेल तर फोन सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र नाकारतो आणि सुरक्षित जोडणी होत नाही. चौथी पायरी पासवर्डची. येथे एक बदल लक्षात ठेवला पाहिजे. पूर्वी कोणत्याही ई-मेल ॲपमध्ये नाव आणि पासवर्ड टाकला की काम भागत असे. गुगलने व्यक्तिगत खात्यांसाठी ही पद्धत ३० मे २०२२ पासून बंद केली, आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या व्यावसायिक सेवेत ऑक्टोबर २०२२ पासून ती टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली. त्यामुळे जुन्या फोनवरील जुने ॲप अचानक 'पासवर्ड चुकीचा' म्हणू लागले, आणि पासवर्ड बरोबर असूनही लोक तो पुन्हा पुन्हा बदलत बसले. अशा वेळी ॲप अद्ययावत करून कंपनीच्या स्वतःच्या साइन-इन पानातून आत जावे, किंवा ती सोय असेल तर त्या ॲपपुरता वेगळा पासवर्ड काढून घ्यावा.

पाचवी पायरी आवक आणि जावक वेगळे तपासण्याची. पत्रे येतात पण जात नाहीत, किंवा जातात पण येत नाहीत, असे होऊ शकते, कारण दोघांचे दरवाजे वेगळे असतात. सुरक्षित आयमॅपसाठी बहुधा ९९३ क्रमांकाचा पोर्ट असतो आणि पाठवण्यासाठी ५८७ किंवा ४६५. पाठवण्यासाठी जुना २५ क्रमांक लावलेला असेल तर अनेक इंटरनेट कंपन्या तो अडवतात. पत्र आऊटबॉक्समध्ये अडकले असेल तर त्याला जोडलेली फाइल किती मोठी आहे तेही पाहावे. जीमेलमध्ये २५ एमबीची मर्यादा आहे, आणि आपले स्कॅन केलेले प्रस्ताव ती सहज ओलांडतात.

सहावी पायरी कार्यालयांसाठी फार महत्त्वाची आहे. एकच खाते साहेबांच्या फोनवर आयमॅपने आणि लिपिकाच्या संगणकावर पॉप या जुन्या पद्धतीने लावलेले असते. पॉपची मूळ रीत अशी की पत्र उतरवून घ्यायचे आणि सर्व्हरवरचे काढून टाकायचे. लिपिकाने सकाळी संगणक उघडला की सारे टपाल त्याच्या यंत्रात जाते आणि साहेबांच्या फोनवर काहीच उरत नाही. बारनिशी लिपिक आवक नोंदवही कपाटात कुलूपबंद करून रजेवर जावा, तसा हा प्रकार आहे. अशा संगणकावर 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही सोय चालू करावी, आणि शक्य तर तेथेही आयमॅपच लावावे.

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तरच फोनवरून खाते काढून पुन्हा बसवावे. त्याआधी आऊटबॉक्समधील न गेलेली पत्रे आणि फोनमध्येच असलेले मसुदे दुसरीकडे उतरवून घ्यावेत, कारण खात्याबरोबर ते नाहीसे होतात. आणि एक दोष सापडला म्हणून थांबू नये. मी बॅटरीचा दोष सापडताच थांबले असते, तर दुसऱ्या दिवशीही माझ्या तक्त्यात 'निरंक' आले असते.

आता त्या गावाचे काय झाले ते सांगते. ५ तारखेच्या रात्रीच मी जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांना दूरध्वनी केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सर्वजण त्या खड्डापाशी उभे होतो. मास्तरांचे म्हणणे खरे होते. महिला मंडळाची इमारतही चांगली होती. पण मतदान केंद्रांची यादी अधिनियमाच्या कलम २५ अन्वये आयोगाच्या पूर्वमान्यतेने प्रसिद्ध होते. ती बदलायची तर नवा प्रस्ताव, पुन्हा मान्यता, सर्व उमेदवारांना लेखी सूचना आणि गावात प्रसिद्धी हे सारे आले. केंद्राचे नाव छापलेल्या मतदार चिठ्ठ्या वाटून झाल्या होत्या. मतदानाला सहा दिवस उरले होते. जिल्हा निवडणूक अधिकारी मनाने चांगले होते, त्यांनी मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाले, "मॅडम, हे पत्र २९ तारखेला हातात असते तर मी त्याच दिवशी प्रस्ताव पाठवला असता." त्यांचे बोलणे खरे होते आणि मला त्यावर काही उत्तर नव्हते.

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या लोकांनी तीन दिवसांत ओढ्यावर तात्पुरता साकव टाकला. वळशाच्या रस्त्याने मतदारांना ने-आण करण्यासाठी प्रशासनाने दोन गाड्या दिल्या. १२ तारखेला सकाळी मी मुद्दाम तेथे गेले. थंडी कडक होती. तरुण मंडळी साकवावरून आली, बरीच म्हातारी माणसे गाडीतून आली. मास्तर दुपारपर्यंत त्या गाडीबरोबर फेऱ्या मारत होते. पण सगळे आले नाहीत. एका घरातील तीन वृद्ध स्त्रिया, कोणाचे गुडघे, कोणाला गाडीचा त्रास, दारातूनच परत फिरल्या. परतताना मी त्यांच्या अंगणात गेले. त्यांतल्या सर्वांत वडील आजींनी मला उन्हात खाट टाकून बसवले, चहा दिला आणि सांगितले की लग्न होऊन या गावात आल्यापासून त्यांनी एकही मतदान चुकवले नव्हते. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, त्या केवळ माहिती देत होत्या. नेगीजींच्या घरापर्यंत मतपत्रिका घेऊन जाणारी यंत्रणा आणि या अंगणात चहा पीत बसलेली मी, एकाच यंत्रणेतल्या होतो.

माझ्या अहवालात मी एक वेगळा परिच्छेद लिहिला. २९ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर या सात दिवसांच्या तक्त्यांत ई-मेलसमोर लिहिलेले 'निरंक' बरोबर नव्हते, त्याचे कारण हे, आणि त्याची जबाबदारी माझी. एका सहकाऱ्याने सुचवले की एवढे लिहिण्याची आवश्यकता नाही, कोणी विचारणार नाही. पण कोणी विचारणार नाही, याच भरवशावर चुकीचे 'निरंक' वर्षानुवर्षे टिकून राहतात.

फोन बिघडतात आणि दुरुस्त होतात. मला चिंता वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. दूरध्वनी बंद पडला तर रिसीव्हर कानाला लावताच कळते. पूर्वी बिनतारी संदेश गेला की पलीकडच्याने तो मिळाल्याची वेळ सांगेपर्यंत काम संपले असे मानत नसत. फोनवरचा ई-मेल मात्र गाजावाजा न करता बंद पडतो. जुनी पत्रे जागच्या जागी दिसत राहतात, फक्त नवे काही येत नाही. पत्र आलेच नाही आणि पत्र पोहोचलेच नाही, या दोन अगदी भिन्न गोष्टी पडद्यावर हुबेहूब सारख्या दिसतात. आणि अधिकाऱ्याच्या मनाला यांतली पहिली गोष्ट नेहमीच अधिक सोयीची वाटते. तक्रार नाही म्हणजे सगळे आलबेल आहे, असे मानण्याची सवय आपल्या प्रशासनाला फोन येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

यावर मला सुचलेले उपाय साधे आहेत. ज्या खात्याचा पत्ता जनतेसाठी प्रसिद्ध केला असेल, त्यावर रोज सकाळी दुसऱ्या एखाद्या खात्यातून एक चाचणीचे पत्र टाकावे आणि ते फोनवर उतरते का ते पाहावे. पाठवणाऱ्याला 'आपले पत्र मिळाले' एवढे उत्तर एका माणसाने, निदान दिवसातून एकदा, द्यावे. मास्तरांना हा रिवाज माहीत असता तर ३० तारखेलाच त्यांनी मला दूरध्वनी केला असता. पासवर्ड बदलला की तो मिळाल्याची पोच घ्यावी आणि त्यानंतर एक पत्र आत-बाहेर करून पाहावे. पदभार देताना-घेताना आपण किल्ल्या आणि शिक्के मोजून घेतो, त्यात ई-मेल खात्याचीही नोंद असावी.

आणि विवरणपत्रात 'निरंक' या शब्दाशेजारी आणखी एक छोटा रकाना असावा, केव्हा आणि कोठे पाहिले याचा. मी तो माझ्यापुरता सुरू केला आहे. आता माझ्या तक्त्यात असे लिहिलेले असते: 'निरंक. सायंकाळी ६ वाजता ब्राउझरमधून खाते उघडून, स्पॅमसह पाहिले.' आणि त्याखाली माझी सही असते.